साडेदहा शिलिंगांचा जबडा

जून २०२४. इंग्लंडात रेडिंगला लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले होते. राजवाडे झाले, पूल झाले, लाल कोटातल्या पहारेकऱ्याशेजारी उभं राहून फोटोही झाले. जावयाने विचारलं, "बाबा, आता काय राहिलं?" मी म्हणालो, "एक जबडा राहिलाय. तोही अर्धाच."

वरोऱ्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्या काळात डायनोसॉर म्हणजे उत्क्रांतीच्या धड्यातलं एक पुसट चित्र, परीक्षेला न येणारं. वाचन सुरू झालं ते निवृत्तीनंतर. तेव्हा कळलं, की जगात ज्याला सर्वांत आधी रीतसर शास्त्रीय नाव मिळालं तो डायनोसॉर टायरॅनोसॉरस नव्हे. तो मेगॅलोसॉरस. ज्युरासिक काळाच्या मधल्या टप्प्यातला, सुमारे १६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा मांसाहारी प्राणी. आणि तो सापडला ते ठिकाण लेकीच्या घरापासून गाडीने तासाभरावर.

ही म्हणाली, "चार दिवस हाडं बघा, पाचव्या दिवशी माझी दुकानं." सौदा ठरला.

दिवस पहिला : क्रिस्टल पॅलेस

सुरुवात चुकलेल्या मेगॅलोसॉरसपासून करायची, हे मी मुद्दाम ठरवलं होतं.

लंडनच्या दक्षिणेला क्रिस्टल पॅलेस पार्क आहे. ज्याच्यावरून हे नाव पडलं तो काचेचा महाल १९३६ मध्ये जळून गेला. खालच्या तळ्यातल्या बेटांवरचे प्राणी मात्र १८५४ पासून तिथेच आहेत. बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स या शिल्पकाराने विटा, सिमेंट आणि लोखंड वापरून ते पूर्ण आकारात उभे केले. त्याला शास्त्रीय सल्ला होता रिचर्ड ओवेनचा. 'डायनोसॉर' हा शब्द १८४२ मध्ये ज्याने काढला, तोच हा ओवेन.

स्टेशनवरून उतरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. छत्री एक आणि माणसं पाच. तळ्याच्या काठाने चालत गेलो. पलीकडे झाडांच्या आडून आधी दोन इग्वानोडॉन, म्हणजे शाकाहारी डायनोसॉर, दिसले आणि त्यांच्या पुढे तो. चार पायांवर उभा, दांडगे खांदे, त्यावर मोठं वशिंड आणि खाली झुकलेलं सुसरीचं तोंड.

सात वर्षांचा नातू बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आजोबा, हे तर अस्वल आहे."

पोराचं फार चुकलं नव्हतं. ओवेन आणि हॉकिन्स यांच्या हाताशी होतं काय? जबड्याचा तुकडा, मांडीचं हाड, कमरेचे काही मणके, थोड्या बरगड्या. उरलेला सगळा प्राणी अंदाजाने भरायचा होता. हा प्राणी दोन पायांवर चालत असेल अशी कल्पनाही तेव्हा कोणी केली नव्हती. वशिंड आलं ते ससेक्समध्ये सापडलेल्या उंच काट्यांच्या तीन मणक्यांवरून. पुढे कळलं, की ते मणके या प्राण्याचे नव्हतेच. कोट्यवधी वर्षांनंतरच्या दुसऱ्याच एका मांसाहारी डायनोसॉरचे होते. एकाचं वशिंड दुसऱ्याच्या पाठीवर बसलं आणि आज पावणेदोनशे वर्षं झाली तरी तिथेच आहे.

२०२० मध्ये या पुतळ्याचा जबडा खरोखरच गळून पडला. पुढच्या वर्षी नवा बसवला. ज्या हाडामुळे या प्राण्याला नाव मिळालं, नेमकं तेच पडावं याचं मला हसू आलं. हिला आलं नाही. तिचे बूट भिजले होते.

बाकावर बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. खाता खाता नातवाला ३१ डिसेंबर १८५३ च्या जेवणाची गोष्ट सांगितली. त्या रात्री हॉकिन्सने इग्वानोडॉनच्या साच्याच्या पोटात टेबल मांडून शास्त्रज्ञांना जेवायला बोलावलं होतं. ओवेनची खुर्ची डोक्याकडच्या बाजूला. नातवाने एकच विचारलं, "आत जायला दार कुठून होतं?" मला ते सुचलंही नव्हतं. (वरून उघडा साचा होता. चढून जात असणार.)

दिवस दुसरा : ऑक्सफर्ड

रेडिंगहून ऑक्सफर्ड आगगाडीने अर्ध्या तासाच्या आतबाहेर. विद्यापीठाचं निसर्गविज्ञान संग्रहालय १८६० सालचं. बाहेरून चर्च वाटतं. आत पाऊल टाकलं की लोखंडी खांबांवर तोललेलं काचेचं छत आणि भोवती दगडी स्तंभ. प्रत्येक स्तंभ ब्रिटनमधल्या वेगळ्या दगडाचा, खाली त्या दगडाचं नाव कोरलेलं. मला इथेच अर्धा तास लागला असता, पण नातू टायरॅनोसॉरसच्या सांगाड्याकडे केव्हाच पळाला होता. त्याला तिथे सोडलं आणि मी जबडा शोधत निघालो.

सापडला, पण आधी दोनदा त्याच्यासमोरून पुढे गेलो. इतका तो साधा आहे.

काचेच्या पेटीत, शाळेतल्या लाकडी फूटपट्टीच्या लांबीचा, तपकिरी दगडासारखा तुकडा. खालच्या जबड्याची उजवी बाजू. एक दात पूर्ण वाढलेला, विळ्याच्या पात्यासारखा मागे वळलेला. बाकीचे काही तुटके, काही खोबणीतून नुकते डोकावणारे. वाकून, चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं तेव्हा दाताची कडा दिसली. तिच्यावर करवतीसारखे बारीक दाते. या प्राण्याला नाव देणाऱ्या ऑक्सफर्डच्या भूशास्त्रज्ञाने, विल्यम बकलंडने, या दाताची तुलना सुरी, तलवार आणि करवत या तिन्हींशी केली होती. पेटीसमोर उभं राहिलं की ती पटते. मांस कापायचं, आणि मागे वळलेल्या दातामुळे घास निसटूही द्यायचा नाही.

या जबड्याची हकीकत अशी. ऑक्सफर्डच्या वायव्येला स्टोन्सफील्ड नावाचं गाव. तिथे छपरांसाठी पातळ दगड काढायच्या खाणी होत्या आणि खाणीत अधूनमधून विचित्र हाडं निघत. १७९७ मध्ये क्राइस्ट चर्च कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या ख्रिस्तोफर पेग यांनी हा तुकडा साडेदहा शिलिंगांना विकत घेतला. मग तो कॉलेजच्या संग्रहात पडून राहिला. वीस वर्षं गेली. १८१८ मध्ये पॅरिसहून जॉर्ज कुविए आला. हाडावरून प्राणी ओळखण्यात त्याच्या तोडीचा त्या काळी युरोपात कोणी नव्हता. स्टोन्सफील्डची हाडं पाहून त्याने ओळखलं, की हे सरड्याच्या जातीचं काहीतरी अजस्र आहे. तरी बकलंड थांबलाच. अखेर २० फेब्रुवारी १८२४ ला लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्याने निबंध वाचला आणि नाव दिलं मेगॅलोसॉरस, म्हणजे महाकाय सरडा. त्याच बैठकीत प्लेसिओसॉरस या समुद्री प्राण्याच्या जवळजवळ पूर्ण सांगाड्याचीही माहिती दिली गेली. म्हणजे बकलंडचा तुकडा त्या संध्याकाळी दुय्यमच ठरला असेल.

निबंधातली चित्रं काढली मेरी मोरलँड यांनी. रेषा इतकी नेमकी, की छापील चित्र आणि पेटीतला जबडा यांच्यात दातागणिक मेळ लागतो. पुढच्याच वर्षी बकलंडने तिच्याशी लग्न केलं. ही हे ऐकून म्हणाली, "चित्रं आवडली म्हणून केलं की फुकटात मिळावीत म्हणून?"

बकलंड माणूस चक्रम. प्रत्येक प्राणी खाऊन पाहायचा त्याचा नेम होता. सगळ्यांत वाईट चव चिचुंद्रीसारख्या त्या मातीत बिळं करणाऱ्या 'मोल'ची, असं तो म्हणे. मग एकदा निळी माशी खाल्ली आणि निकाल बदलला. पण जबड्यासमोर तो चक्रमपणा दिसत नाही. नाव सरड्याचं दिलं तरी त्याने हे नोंदवलंच, की दात सुसरीसारखे खोबणीत बसलेले आहेत, आणि जुना दात झडला की खालून नवा वर येतो. त्याने फसावं ते फक्त लांबीत. सरड्याच्या मापाने हिशेब केला आणि प्राणी चाळीस फुटांवर नेला. आजचे अंदाज सहा ते नऊ मीटरच्या मधले आहेत, वजन टनाच्या आसपास.

आणि तरी बकलंड बराच बरा. त्याच्या दीडशे वर्षं आधी, १६७७ मध्ये, रॉबर्ट प्लॉट यांनी याच परगण्यातल्या कॉर्नवेल गावचं मांडीच्या हाडाचं खालचं टोक छापलं होतं. आधी वाटलं, रोमन लोकांनी आणलेल्या हत्तीचं असेल. मग खऱ्या हत्तीच्या हाडांशी ताडून पाहिलं आणि निष्कर्ष काढला, की राक्षसी माणसाचं! पुढे १७६३ मध्ये रिचर्ड ब्रूक्स यांनी तेच चित्र पुन्हा छापलं आणि त्याखाली लॅटिनमध्ये लिहिलं 'स्क्रोटम ह्युमॅनम'. दोन गोल उंचवटे पाहून त्यांना जे वाटलं ते त्यांनी लिहिलं. नातवाने अर्थ विचारला. मी सांगितलं, दहावीनंतर सांगीन. ते हाड आता हरवलं आहे. राहिलंय फक्त चित्र.

मी हसत होतो, पण फार वेळ नाही. कारण शेजारच्या हाडाच्या तुटक्या टोकाकडे लक्ष गेलं.

बाहेरून दगड, पण तुटलेल्या जागी बारीक जाळी. शिळ्या पावासारखी, वारुळाच्या पोटासारखी. हाडाच्या आतला सच्छिद्र भाग, दगड होऊनही तसाच राहिलेला. ही जाळी मी पाहिली होती. एकदाच नाही, काही वर्षं रोज पाहिली होती.

आमच्या शाळेपासून पिसदुरा लांब नाही. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे छोटं गाव भूशास्त्रज्ञांना जगभर माहीत आहे. तिथल्या शेतांत लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची हाडं आणि दगड झालेल्या लेंड्या मिळतात. नागपूरचं कॉलेज ज्यांच्या नावाने चालतं त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच तिथून हाडं गोळा केली होती. २००५ मध्ये त्या लेंड्यांत गवताचे अंश सापडले आणि डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं हा समज मोडला. मेगॅलोसॉरसपेक्षा हे प्राणी जवळजवळ दहा कोटी वर्षं अलीकडचे. पण हाड ते हाडच.

हे सगळं मला आता ठाऊक आहे. तेव्हा नव्हतं. आठवीतल्या एका मुलाने वावरातून आणलेला जड गोटा माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "सर, याच्यात भोकं काऊन आहेत?" मी म्हणालो, "पाण्याने झिजला असेल. दाराला लाव, वाऱ्याने आपटते." तो गोटा आमच्या वर्गाच्या दाराला किमान चार वर्षं होता. तुटलेली बाजू आतल्या अंगाला, माझ्या खुर्चीकडे.

हिने हाक मारली तेव्हा मी अजून पेटीसमोरच होतो. "काय झालं?" म्हणाली. "काही नाही," म्हणालो.

बाहेरच्या हिरवळीवर मोठाले तीन बोटांचे ठसे ओळीने लावले आहेत. जवळच्या आर्डली खाणीत सापडलेल्या मेगॅलोसॉरसच्या पावलांच्या प्रतिकृती. नातू त्यातून उड्या मारत गेला. एका ठशापासून दुसऱ्यापर्यंत एका उडीत जाणं त्याला काही जमलं नाही.

दिवस तिसरा : स्टोन्सफील्ड आणि वुडस्टॉक

आज गाडीने. लेक चालवत होती आणि रस्ता दोन्हीकडच्या झुडपांमुळे इतका अरुंद, की समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा दोनशे मीटर मागे जावं लागलं.

स्टोन्सफील्डमध्ये बघायला तसं काही नाही. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, एक चर्च, खाली इव्हनलोड नदीचं खोरं. खाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडल्या. तरीही मला हे गाव संग्रहालयाइतकंच आवडलं, कारण इथे वर बघायचं. छपरांवर. तो दगड अजून तिथे आहे.

त्याला 'स्टोन्सफील्ड स्लेट' म्हणतात, पण ती खरी पाटी नाही. वाळूमिश्रित चुनखडक आहे. पाटीच्या दगडासारखा तो छिन्नीने सुटत नाही. म्हणून लोक खोल विहिरीसारख्या खड्ड्यांतून उतरून दगड काढत आणि खाणीतली ओल सुकू न देता थंडीपर्यंत झाकून ठेवत. मग उघड्यावर पसरत. कडाक्याची रात्र आली की चर्चची घंटा वाजायची आणि सारा गाव अंथरुणातून उठून दगडांवर पाणी मारायला धावायचा. थरांत मुरलेलं पाणी गोठायचं, फुगायचं आणि दगड पानापानाने सुटायचा. सुकला तर वाया. मला यातली घंटा फार आवडली. आमच्याकडे गारपीट आली की लोक हरभरा झाकायला धावतात, तशी ही धावपळ, फक्त उलटी. इथे थंडी हवी असायची.

त्या पानांच्या मध्ये ज्युरासिक समुद्र होता. उबदार, उथळ, आसपास बेटं. बेटांवरचं मेलेलं काही वाहून आलं की तळाशी बसायचं. म्हणून एकाच खाणीत मेगॅलोसॉरसचा जबडा, शार्कचे दात, उडत्या सरपटणाऱ्यांची हाडं आणि उंदराएवढ्या सस्तन प्राण्यांचे जबडेही. ते बारके जबडे त्या काळी मोठ्या वादाचे ठरले, कारण डायनोसॉरच्या काळात सस्तन प्राणी असतील हे लोकांना पचेना.

बरोबर म्हणूनच पूर्ण मेगॅलोसॉरस कधी मिळाला नाही. वाहत येताना तो विखुरला. बकलंडसमोरची हाडंही एका प्राण्याची नव्हती, लहानमोठ्या अनेकांची होती. आणि नाव आधी झाल्यामुळे पुढे जगात कुठेही मांसाहारी डायनोसॉरचं हाड निघालं की ते याच्याच नावावर चढवायचं, अशी रीत पडली. घरात जशी एक पिशवी असते, ज्याला जागा नाही ते सगळं तिच्यात. अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा डोक्यावर दोन तुरे असलेला डायलोफोसॉरससुद्धा १९५४ मध्ये आधी मेगॅलोसॉरस म्हणूनच नोंदला गेला होता. अलीकडे ती पिशवी रिकामी केली गेली. आता या नावाखाली उरली आहेत ती मुख्यतः याच परिसरातली हाडं.

चर्चजवळच्या भिंतीपाशी एक आजोबा कुत्रा फिरवत होते. मी विचारलं, खाण कुठे होती? त्यांनी काठीने पायाखालची जमीन ठोकली आणि पुढे निघून गेले.

दुपारी वुडस्टॉक. ब्लेनहाइम राजवाड्याचं तिकीट बघून आम्ही तो बाहेरूनच पाहिला. तिथल्या ऑक्सफर्डशायर म्युझियमच्या मागच्या बागेत मेगॅलोसॉरसचा पूर्ण आकाराचा पुतळा आहे, यावेळी दोन पायांवर. जमिनीशी समांतर पाठ, मागे ताठ शेपूट. अस्वल कुठेच उरलं नव्हतं. आणि त्याच बागेत आर्डलीहून आणलेले खरे ठसे. आर्डलीच्या मागावरून शास्त्रज्ञांनी हिशेब केलाय, की तो प्राणी आधी ताशी सातेक किलोमीटरने चालत होता, पावलं फाकलेली आणि बोटं किंचित आत वळलेली, आणि मग एकाएकी ताशी २९ किलोमीटरने धावला. धावताना पाय सरळ अंगाखाली. कशामागे धावला कोण जाणे. जावयाने तसं चालून दाखवलं. बदकासारखा दिसत होता. लेकीने व्हिडिओ काढला आणि तो आमच्या वरोऱ्याच्या सगळ्या नातेवाइकांनी पाहिला.

आम्ही त्या ठशांसमोर उभे होतो त्याच महिन्यात, वीसेक किलोमीटरवरच्या ड्यूअर्स फार्म खाणीत शंभरावर माणसं गुडघ्यांवर बसून दोनशे नवे ठसे साफ करत होती. त्यांतही एक माग मेगॅलोसॉरसचा. बातमी आली जानेवारी २०२५ मध्ये, मी वरोऱ्यात चहा पीत असताना. चुकामूक म्हणतात ती ही.

दिवस चौथा : इस्लिप

आज फक्त मी आणि लेक. बाकीच्यांनी हाडांना हात जोडले होते.

ऑक्सफर्डच्या जवळच इस्लिप. बकलंड पुढे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीचा डीन, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू, झाला. इस्लिपचं चर्च त्या पदासोबत आलं. शेवटची काही वर्षं त्याची बुद्धी हरपली होती. १८५६ मध्ये तो गेला आणि इथेच पुरला गेला. सांगतात, की कबर खणायला गेले तर मातीखाली लगेच चुनखडक लागला आणि सुरुंगाची दारू लावून तो फोडावा लागला. जागा त्यानेच निवडलेली. दगड तिथे आहे हे त्याला माहीत नसेल, असं मला वाटत नाही.

गवत गुडघाभर होतं. थोडा वेळ उभे राहिलो. मग मी लेकीला दाराच्या गोट्याची गोष्ट सांगितली. ती काही वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बाबा, फोन करा ना त्याला."

तो मुलगा आता चाळिशीत, वरोऱ्यात कृषी केंद्र चालवतो. तिकडे दुपार होती. मी आडून आडून विचारलं. त्याला आठवत होतं. "थो गोटा? सर, जुनी शाळा पाडली तवा गेला असन मलब्यात. नवीन बिल्डिंगच्या भरावात टाकला सारा मलबा." मग थोडं थांबून म्हणाला, "पण मागच्या भिंतीकडे काही गोटे पडून आहेत. जाऊन पाहातो. काऊन, का होतं त्याच्यात?"

"भोकं," मी म्हणालो. "तू बरोबर विचारलं होतंस."

रेडिंगला पोचेपर्यंत व्हॉट्सॲपवर फोटो आला. शाळेच्या पायरीवर ओळीने मांडलेले सात गोटे, बाजूला अंदाज यावा म्हणून त्याची चप्पल. खाली लिहिलं होतं, "सर, यातला कोणता?"

मी बोटांनी एकेक मोठा करून बघत बसलो. पहिले चार काळा बेसाल्ट. पाचवा विटेचा तुकडा. सहाव्यावर चुना लागला होता. सातव्याची तुटलेली बाजू भिंतीकडे होती. मी लिहिलं, "शेवटचा उलटा कर."